जुनी फियाट, दाभोळची फेरीबोट आणि खोक्यांची ऑर्डर

जुन्या गाड्यांची रेस म्हटलं की लोकांना वाटतं धुरळा उडवत कोणीतरी सुसाट चाललाय. तसं काही नसतं हो. वडिलांच्या वेळची 68 ची फियाट 1100, स्टेअरिंगखाली गिअर, आणि समोर सागरी महामार्गावरची वळणाची उतरण, तिथे सुसाट काय जाणार, ब्रेक वेळेवर लागला तरी पुष्कळ. आमच्याकडे जी रॅली होते तिला टीएसडी म्हणतात, टाइम-स्पीड-डिस्टन्स. सरासरी स्पीड ठरवून देतात, समजा ताशी 32, हातात रोडबुक देतात, म्हणजे कुठे वळायचं ते लिहिलेली वही, आणि वाटेत कुठेतरी झाडाआड घड्याळ घेऊन माणसं बसलेली असतात. उशीर झाला तर पेनल्टी, लवकर पोचलात तरी पेनल्टी, आणि बऱ्याच ठिकाणी लवकरची पेनल्टीच जास्त असते. बाजूला रस्ता आणि वेळ सांगणारा नेव्हिगेटर, त्याचं आणि ड्रायव्हरचं जमलं पाहिजे, नवरा-बायको असतील तर गुहागर येईस्तोवर बोलणं बंद (आमचं झालेलं आहे).

माझं रत्नागिरीजवळ छोटं युनिट आहे, आंब्याचा पल्प, आंबापोळी, कोकम आगळ. गिऱ्हाईक शोधायला मुंबई-पुण्याची एक्झिबिशनं बरीच केली. स्टॉलचं भाडं भरायचं, दिवसभर लोकांना पोळीचे तुकडे चाखायला द्यायचे, संध्याकाळी व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा घेऊन घरी यायचं आणि मग फोन केला की समोरचा विचारणार "कोण आपण?" त्या मानाने माझी आजची बहुतेक मोठी गिऱ्हाइकं आणि माल पुरवणारे लोक मला या रॅलीमुळे मिळालेत. रॅलीत कुणी धंद्याचं फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच मिळालेत.

फेरीबोटीचं उदाहरण घ्या. दापोलीकडून खाली आलात की दाभोळला थांबायचं, पलीकडे धोपावे. पुढे हेदवी-वेळणेश्वर करून तवसाळला परत थांबायचं, पलीकडे जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे. म्हणजे एका दिवसात दोनदा तुम्ही रांगेत अडकलात. नव्या गाडीवाला काचा वर करून एसीत मोबाईल बघत बसतो. जुन्या गाडीत एसी नाही, बाहेर यावंच लागतं, बॉनेट उघडावंच लागतं, आणि बॉनेट उघडलं की चार माणसं आपोआप जमतात. "इग्निशनचे पॉइंट्स कुठले टाकलेत?" "कार्बोरेटर ओरिजिनल सोलेक्स आहे का?" झालं, आता बोट येईपर्यंत गप्पा. कोल्हापूरचा हॉटेलवाला, चिपळूणचा बर्फाचा कारखानेवाला, वाशीचा आंब्याचा दलाल, सगळे बनियनला ग्रीस लागलेल्या अवस्थेत सारखेच दिसतात.

हे काही आपणच शोधून काढलेलं नाही. इटलीत मिल्ले मिलिया नावाची शर्यत होती, ब्रेशियाहून रोमला जाऊन परत, साधारण 1600 किलोमीटर, 1927 ते 1957. तिथे 1950 साली लोकरीच्या गिरणीवाल्या घराण्यातला जियानिनो मार्झोत्तो हा बावीस वर्षांचा पोरगा फेरारी घेऊन पहिला आला, तोही डबल-ब्रेस्टेड सूट घालून! 57 च्या भीषण अपघातानंतर ती शर्यत बंद पडली, 1977 ला परत सुरू झाली ती आपल्यासारखीच सरासरी वेळेची, जुन्या गाड्यांची. शोपार ही घड्याळवाली स्विस कंपनी 1988 पासून तिच्याशी जोडली गेली, मालक स्वतः गाडी चालवतो, भाग घेणाऱ्यांना खास घड्याळ मिळतं. आता विचार करा, ज्याच्याकडे मिल्ले मिलियात पळवायला गाडी आहे त्याच्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक महागड्या घड्याळाला कुठे सापडणार. आपल्याकडे गिऱ्हाईक पल्पचं, एवढाच फरक.

पुण्याचे एक काका आहेत, स्टँडर्ड हेराल्ड गाडीवाले, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. एकदा एप्रिलच्या उन्हात तवसाळच्या अलीकडे चढणीवर माझी फियाट बंद पडली, इंजिनाला पेट्रोल पोचवणारा गाडीतला पंप गरम होऊन आतल्या पेट्रोलची वाफ झालेली, व्हेपर लॉक. जुन्या गाडीवाल्यांना नवीन नाही हे. काका चांगल्या नंबरात होते, थांबलं तर पेनल्टी, तरी थांबले. पाण्याची बाटली ओतून फडकं भिजवलं, पंपावर गुंडाळलं, आणि "आता दहा मिनिटं हात लावू नका, सेल्फ मारून बॅटरी उतरवू नका" म्हणून शांत दगडावर बसले. माझी चुळबुळ चाललेली, हा माणूस मला विचारतोय की इथे कोकम कधी उतरतं. गाडी सुरू झाली, त्यांचा नंबर गेला तो गेलाच, त्यावर एक अक्षर बोलले नाहीत.

पुढच्या सीझनला माझा खोकीवाला ऐन मे महिन्यात माल देईना तेव्हा मी पहिला फोन कुणाला केला असेल? रेटसुद्धा विचारला नाही. अडचणीत हा माणूस कसा वागतो ते मी चढणीवर बघितलेलं होतं, कुठल्या कोटेशनमध्ये ते लिहिलेलं नसतं. उलटंही होतं बरं का. एक शेठ मेकॅनिकच्या पोरावर सगळ्यांसमोर असे ओरडले की पोरगं रडवेलं झालं. त्यांच्याकडून नंतर चांगली ऑर्डर आली होती, मी कपॅसिटी नाही सांगून टाळली. बायको म्हणाली वेडा आहेस. असेन.

फक्त ओळखी वाढवायला येणारे पण असतात, भाड्याची गाडी, दरवाजावर कंपनीचा भला मोठा स्टिकर, फेरीवर उतरल्या उतरल्या कार्ड वाटप सुरू. दुपारच्या जेवणापर्यंत लोक त्यांना टाळायला लागतात.

आणि हौस महाग आहे हे पण सांगतो. खाऱ्या हवेने खालचा पत्रा गंजतो, आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या रबरी नळ्या बदलाव्या लागतायत. 2021 च्या नियमाने 50 वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून रजिस्टर करता येते, नव्या नोंदणीला 20 हजार, पण मग ती रोज वापरायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच बाहेर काढायची, धंद्याला तर अजिबात नाही. त्यामुळे होमस्टेवाल्यांनो, पाहुणे आणायला ती पाठवायचा विचार असेल तर विसरा.

एक गोष्ट मात्र आम्ही पहिल्यापासून पाळली. काकांबरोबर खोक्यांचं ठरलं तेव्हा पेमेंट 30 दिवसांत, ओली खोकी आली तर परत, हे सगळं त्यांच्या ऑफिसात बसून कागदावर घेतलं. ते म्हणाले कशाला एवढं, आपली काय आजची ओळख आहे का. मी म्हटलं काका, म्हणूनच.