फाइली उडवल्या, तरी डिस्क भरलेलीच

डीडुप, म्हणजे सारखा डेटा एकदाच साठवण्याची सोय, चालू असलेल्या स्टोरेजवर ९५ टक्के भरल्याचा अलर्ट आला की पहिला हात डिलीटवर जातो. दोन टीबीचे जुने बॅकअप उडतात आणि आकडा मात्र ९५ वरच बसून राहतो. मग सपोर्टला फोन. खरं तर बिघाड काहीच नसतो.

डीडुप फाइल ठेवत नाही, तुकडे ठेवतं. तुकड्याचा हॅश (त्यातल्या डेटावरून निघणारी ओळखखूण) काढायचा, तो आधीच असेल तर नुसता पॉइंटर (त्या तुकड्याकडे बोट दाखवणारी नोंद) लिहायचा. फाइल उडवली की पॉइंटर जातात. तोच तुकडा आणखी चाळीस फाइलींना लागत असेल तर तो जागचा हलत नाही, आणि कुणालाच लागत नसला तरी गार्बेज कलेक्शन (बिनकामाच्या तुकड्यांची सफाई) होईपर्यंत तिथंच पडून राहतो. स्नॅपशॉटने (डेटाची एखाद्या क्षणी गोठवलेली स्थिती) धरून ठेवला असेल तर तेव्हाही सुटत नाही. म्हणून आधी स्नॅपशॉट बघा, मग मुदत संपलेले बॅकअप काढा, मग कलेक्शन पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतरच आकडा मोजा.

या कलेक्शनलाही मोकळी जागा लागते. डेटा डोमेनसारख्या बॅकअप साठवणाऱ्या यंत्रात वापरातले तुकडे नव्या कंटेनरमध्ये (तुकड्यांच्या गठ्ठ्यात) उचलून ठेवल्यावरच जुना कंटेनर रिकामा होतो. काठोकाठ भरलेल्या यंत्रात हा उचलठेवीचा खेळ अडकतो. त्यामुळे माझ्या मते ८० टक्के हीच शंभरी समजावी.

वेळापत्रक डिफॉल्टवर सोडू नका. विंडोज सर्व्हरचं कलेक्शन शनिवारी पहाटे असतं, डेटा डोमेनचं मंगळवारी सकाळी सहाला. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या ज्या युनिटला सोमवारी सुट्टी असते, तिथं शनिवार-रविवार भर कामाचे. साखर कारखान्याचं तर विचारूच नका: गळीत हंगामात वजनकाटा रात्रभर चालू, म्हणजे 'रात्री लोड नसतो' हे गृहीतच चुकतं. बॅकअप कधी सुरू होतो नि कधी संपतो हे आठवडाभर लिहून काढा, आणि मधल्या रिकाम्या वेळेत कलेक्शन बसवा.

मुळात डीडुप कशावर लावायचं? व्हर्च्युअल मशीन आणि रोजचे फुल बॅकअप, इथं चांदी. सीसीटीव्ही फुटेज, एन्क्रिप्ट केलेल्या फाइली, कॉम्प्रेस करून घेतलेले एसक्यूएल बॅकअप यांतून जवळपास शून्य. फौंड्रीतली कॅड ड्रॉइंग फसवी असतात. एका ड्रॉइंगची बारा रिव्हिजन बघून वाटतं, भरपूर वाचेल. पण अनेक कॅड फॉरमॅट आतून कॉम्प्रेस होतात, त्यामुळे एक माप बदललं तरी पुढचे बाइट सगळे बदलतात. क्रम पक्का ठेवा: आधी डीडुप, मग कॉम्प्रेशन, शेवटी एन्क्रिप्शन. बॅकअप सॉफ्टवेअरमधलं कॉम्प्रेशन बंद करा, ते काम स्टोरेजला करू द्या.

विक्रेत्याच्या रेशोला, म्हणजे मूळ डेटा आणि प्रत्यक्ष लागलेली जागा यांच्या प्रमाणाला, भुलू नका. १० ला १ म्हणजे ९० टक्के बचत, २० ला १ म्हणजे ९५. आकडा दुप्पट, फायदा पाच टक्के.

झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांनी रॅमचा हिशेब आधी करावा, कारण तिथं डीडुपच्या प्रत्येक ब्लॉकची (तुकड्याची) नोंद एका टेबलात राहते. १२८ केबी ब्लॉक धरले तर एक टीबी वेगळ्या डेटाचे सुमारे ८४ लाख ब्लॉक होतात. नोंदीला ३२० बाइट धरले तर अडीच जीबीच्या आसपास टेबल. ब्लॉक लहान असले की हे वाढतच जातं. टेबल रॅमबाहेर गेलं की लिहिण्याचा वेग कोसळतो, आणि तेव्हा डीडुप बंद करूनही सुटका नाही, कारण जुने ब्लॉक टेबलातच राहतात. ते पुन्हा लिहावे लागतात.

एकाच यंत्रावर दोन बॅकअप ठेवून निर्धास्त होणारेही भेटतात. डीडुपनंतर त्या दोन कॉप्यांचे तुकडे एकच असतात. तुकडा खराब झाला तर दोन्ही गेल्या. दुसरी कॉपी वेगळ्या यंत्रावरच हवी, आणि पंचगंगेचं पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी. रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर नक्कल पाठवताना, फक्त नवे तुकडे जातात, म्हणून साधी इंटरनेट लाइनही पुरते. पहिला भरणा मात्र मोठा असतो. दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून तो उरका आणि मग दुसरं यंत्र गाडीने पुण्याला न्या. हे काम मे महिन्यापर्यंत संपवा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता.

रिस्टोअरची चाचणी सर्वांत जुन्या नाही, सर्वांत ताज्या बॅकअपवर घ्या. त्याचेच तुकडे डिस्कभर सर्वांत जास्त विखुरलेले असू शकतात. लागलेले तास कागदावर लिहा आणि तो कागद मालकाला दाखवा.