कुड म्हणजे शकलो, हे मीच शिकवलं होतं

शनिवार पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझा इंग्रजी संभाषणाचा क्लास आहे. सोमवारी सातच्या बॅचला भोसरीहून एक मुलगा येतो. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तो क्वालिटीला आहे. एरवी दहा मिनिटं आधीच हजर असतो. त्या सोमवारी साडेसात वाजता उगवला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "मॅडम, माझी काही चूक नसताना साहेबांनी आज सगळ्यांसमोर झापलं मला."

हातात मेलची प्रिंट होती. जर्मनीतल्या कस्टमरला त्याने शनिवारी लिहिलं होतं, 'वी कुड चेक ऑल 240 पीसेस ऑन फ्रायडे.' शुक्रवारी सेकंड शिफ्ट सुटेपर्यंत थांबून पठ्ठ्याने एकेका नगाला गेज लावलं होतं. सोमवारी उत्तर आलं, की शुक्रवारपर्यंत थांबणं आम्हाला परवडणार नाही, त्याआधी तपासणी होईल का ते कळवा, तोवर लॉट होल्डवर.

"तपासले म्हणूनच लिहिलंय ना मी? कुड म्हणजे शकलो. पास्ट!" असं म्हणून त्याने वही उघडून माझ्यापुढे धरली.

अक्षर त्याचं, पण तक्ता माझा. कॅन – शकतो. कुड – शकलो. मे – कदाचित. माइट – कदाचित, पण आणखी कमी. बाणसुद्धा मी फळ्यावर काढते तसेच, शेपटीला गाठ मारलेले. गेली कित्येक वर्षं प्रत्येक बॅचला मी हा तक्ता देत आले आहे. पाठ करायला सोपा, म्हणून.

गोम अशी, की आपल्या 'शकलो'च्या पोटातच काम फत्ते झाल्याची बातमी असते. 'तिकीट काढू शकलो' म्हटलं की तिकीट खिशात आहे. कुडमध्ये ही खात्री नाही. भूतकाळात कुड सांगतो ती अंगात असलेली, कायमची क्षमता. माझे आजोबा मोडी वाचायचे, त्यांना ते येत होतं, तिथे 'ही कुड रीड मोडी' चपखल बसतं. पण एका ठरावीक दिवशी एक काम जमलं, पार पडलं, हे सांगायचं तर 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' लागतं. नुसता कुड वाक्यात एकटा सोडला, की वाचणारा तो पुढच्या काळाकडे ओढतो: हवं तर शुक्रवारी तपासता येतील बुवा. त्या जर्मन माणसाने नेमकं तेच वाचलं. त्याची काय चूक?

"मग शकलो नाही, याला?" मागून एकीने विचारलं. तिथे मात्र कुडन्ट बिनधास्त चालतं. काम झालंच नाही म्हटल्यावर ते फत्ते झालं की नाही हा प्रश्नच उरत नाही. शिवाय दिसणं-ऐकू येणं याला सूट आहे. काल रात्री पाऊस ऐकू येत होता, तर 'आय कुड हिअर' बरोबरच.

एवढ्यात बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी त्यांची शाळा काढली. वर्गात येताना 'कॅन आय' म्हटलं, की सर दारातच उभं करायचे. मे आय म्हण आधी! वर्गात लगेच दोन तट पडले. आजच्या बोलण्यात परवानगीला कॅन सर्रास चालतो, मे जरा इस्त्रीचा, आणि 'कुड आय' अदबीचा. फक्त त्या अदबीला उत्तर देताना 'यस, यू कुड' नाही, 'यस, यू कॅन' म्हणायचं. परवानगी देणाऱ्याने कसलं बिचकायचं? गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत कॅनचं मूळ जाणणं हे होतं आणि मेचं मूळ अंगात बळ असणं. म्हणजे काकांच्या सरांचा मे एके काळी क्षमतेचाच होता.

मराठी या बाबतीत श्रीमंत आहे, असं माझं मत. 'मला पोहता येतं' ही शिकलेली विद्या. 'खांदा दुखतोय, आज पोहू शकत नाही' ही आजची अडचण. इंग्रजी दोन्हीकडे कॅनच वापरते. आणि परवानगीला तर आपल्याला शकणं लागतच नाही, 'जाऊ का?' झालं. हल्ली मुलं 'मी जाऊ शकतो का' म्हणतात. आमच्या खालच्या दुकानदारांना एकाने विचारलं, "इथे गाडी लावू शकतो का?" ते म्हणाले, "लावू शकाल की, जागा आहे. पण लावायची नाही."

आठ वाजून गेल्यावर आम्ही दोघांनी मेल लिहिला. 'वी चेक्ड ऑल 240 पीसेस ऑन फ्रायडे', पुढे तारीख, पुढे 'द इन्स्पेक्शन इज कम्प्लीट'. तारखेचा आग्रह माझा. त्याला ते पसंत पडेना. "नुसतं चेक्ड? मॅडम, फार बाळबोध वाटतं हो. निदान एक 'सक्सेसफुली' तरी घालू का?" मी नको म्हटलं. त्याने तसाच, जरा नाखुशीनेच, फोनवरून पाठवला. तो गेल्यावर मी फळ्यावरचा तक्ता पुसायला घेतला. कुडची ओळ पुसली, तेवढ्यात साडेआठची बॅच जिना चढू लागली आणि बाकीचं राहून गेलं.

मंगळवारी दुपारी मी कुकर लावत होते, तेव्हा त्याचा फोन आला. मागे फोर्कलिफ्टचा पीं-पीं आवाज.

"मॅडम, जर्मनीचं उत्तर आलंय. 'यू मे शिप द लॉट नाऊ.' म्हणजे कदाचित पाठवा? ट्रक गेटवर उभाय, ड्रायव्हर खोळंबलाय. आणि साहेब विचारतायत, कदाचित म्हणजे नक्की काय करायचं?"

"पाठव रे बाबा," मी म्हटलं, "परवानगी आहे ती."