गेल्सबर्ग : लिंकन-डग्लस वादाच्या जागी

शिकागोहून गेल्सबर्ग रेल्वेने तीन तासांच्या आत येतं. नॉक्स कॉलेजची ‘ओल्ड मेन’ ही लाल विटांची इमारत पाहायला मी मुद्दाम गेले. १८५८ मध्ये इलिनॉय राज्यात अमेरिकी सिनेटच्या एकाच जागेसाठी उभे असलेले रिपब्लिकन अब्राहम लिंकन आणि डेमोक्रॅट स्टीफन डग्लस यांचे सात जाहीर वाद झाले. त्या सात ठिकाणांपैकी त्या काळची अजून उभी असलेली हीच एक वास्तू.

इथला वाद त्या वर्षी ७ ऑक्टोबरला झाला. वारं बोचरं होतं, म्हणून मंच पूर्वेच्या भिंतीला टेकवला. दोघे खिडकीतूनच मंचावर उतरले. ‘अखेर मी कॉलेजातून पार झालो,’ असं लिंकन तेव्हा म्हणाल्याचं सांगतात. उभ्या आयुष्यात त्यांना वर्षभराचीही शाळा मिळाली नव्हती.

पहिला वक्ता तासभर, दुसरा दीड तास, मग पहिल्याला उत्तरासाठी अर्धा तास. ध्वनिक्षेपक नाही, आणि समोर हजारोंचा जमाव तीन तास थंडीत. त्यातल्या एकालाही या दोघांना थेट मत देता येणार नव्हतं, कारण सिनेटर तेव्हा राज्याचं विधिमंडळ निवडायचं. तरी माणसं आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वादाचा विषय गुलामगिरीचा. डग्लस यांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं : लिंकन राज्याच्या उत्तरेत एक बोलतात, दक्षिणेत दुसरं. आरोप पोकळ नव्हता. तीन आठवड्यांपूर्वीच इलिनॉयमधल्याच चार्ल्सटनच्या वादात लिंकन यांनी आपण गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक आणि राजकीय समतेच्या बाजूचे नाही, असं सांगितलं होतं. ते वाचताना आजही वाईट वाटतं. आणि इथे, याच भिंतीपाशी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली समता काळ्या माणसालाही लागू आहे आणि गुलामगिरी हा अन्याय आहे, हे त्यांनी ठासून मांडलं. डग्लस यांना त्यांचं उत्तर असं : माझी भाषणं छापली जाऊन उत्तर-दक्षिण दोन्हीकडे वाचली जातील, हे मला कळत नाही असं का धरून चालता?

मला या दौऱ्यात सगळ्यांत मोलाचं वाटलं ते हे वाक्य. लघुलेखक शब्द न् शब्द टिपत होते, वर्तमानपत्रं ते छापत होती. बोललेलं नाकारायची सोय उरली नव्हती.

जानेवारी १८५९ मध्ये विधिमंडळात डग्लस ५४-४६ ने जिंकले. लिंकन यांनी मात्र वादांची कात्रणं जपून ठेवली. स्वतःची भाषणं रिपब्लिकन पत्रातून घेतली, डग्लस यांची डेमोक्रॅटिक पत्रातून. १८६० मध्ये त्या कात्रणांचं पुस्तक निघालं. चार्ल्सटनचं भाषण त्यातून गाळलेलं नाही.