फ्रेझ्नोची केणी आणि लोडायची वाइन

कॅलिफोर्नियात लोडायच्या आसपास झिनफँडेल जातीच्या वाइन-द्राक्षांच्या जुन्या बागा आहेत आणि कोठारामागे हमखास काहीतरी गंजत पडलेलं असतं: लाकडी दाबयंत्र, घोड्यांचा नांगर, चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारा एखादा ट्रॅक्टर. घरच्या वायनरीला नव्या वाइनसाठी नाव हवं असलं की नजर तिकडेच वळते. कल्पना छान आहे, पण औजाराचं खरं नाव जसंच्या तसं बाटलीवर चढवलं की गाडं अडतं.

फ्रेझ्नो स्क्रेपरच घ्या. जेम्स पोर्टियस यांनी 1883 मध्ये पेटंट घेतलेली ही लोखंडी केणी, म्हणजे माती ओढून जमीन सपाट करायचं औजार. घोडे किंवा खेचरं पुढून ओढत, मागे चालणारा माणूस लांब दांडा वर उचलून पातं मातीत घुसवत असे आणि दांडा खाली दाबला की पातं मातीतून सुटून भरलेलं पात्र पुढे ओढलं जाई. आधीच्या फळ्या माती नुसती ढकलत. ही माती उचलून नेई. पातं दगडाला अडलं की दांडा उसळून माणसाला लागे. सॅन वाकीन खोऱ्यातले कालवे आणि सपाट शेतं हिच्या जोरावर झाली.

नाव म्हणून 'फ्रेझ्नो' झकास वाटतं. पण फ्रेझ्नो ही काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग आहे. वाइनची लेबलं मंजूर करणारी संघीय संस्था टीटीबी हिच्या नियमांनुसार काउंटीचं नाव ब्रँडमध्ये घ्यायचं तर किमान 75 टक्के द्राक्षं त्याच काउंटीतली लागतात. लोडायची द्राक्षं सॅन वाकीन आणि सॅक्रामेंटो काउंट्यांतली, म्हणजे संपलंच. ब्रँड घराण्याच्या नावाचा ठेवून 'फ्रेझ्नो' दुय्यम नाव केलं, तरी भौगोलिक अर्थाच्या नावाचा नियम आडवा येतो.

ट्रॅक्टरचा प्रश्न वेगळा. जवळच्या स्टॉकटनमध्ये बेंजामिन होल्ट यांनी 1904 मध्ये पट्ट्यांच्या ट्रॅक्टरची चाचणी घेतली, पण 'कॅटरपिलर' हा आजही जिवंत ट्रेडमार्क आहे. लेबलवर औजाराचं चित्र असेल तर त्यातल्या धातूवर उठवलेली कंपनीची अक्षरंही पुसायला हवीत. चित्रकार ती प्रेमाने रेखाटतात, म्हणून कच्चं चित्र भिंग लावून तपासा.

तिसरी गफलत सालाची. ट्रॅक्टर 1936 चा म्हणून लेबलवर मोठ्ठं '1936' छापलं तर ते द्राक्षांच्या हंगामाचं साल वाटतं. असं साल घालायचंच असेल तर ते कशाचं, हे लगतच आणि तशाच आकाराच्या अक्षरांत द्यावं लागतं. गंमत अशी की 'जुन्या वेलींची वाइन' असं लिहायला कायद्यात वयाची कसलीही व्याख्या नाही.

म्हणून नाव औजाराच्या कामावरून किंवा एखाद्या भागावरून घ्यावं: दांडा, पातं, खेचरांची जोडी. मग ट्रेडमार्कचा शोध. ट्रेडमार्क-नोंदणीत वाइन वर्ग 33 मध्ये येते, पण बिअरचा वर्ग 32 सुद्धा चाळा, कारण या दोघांतलं नावाचं साम्य बहुतेक वेळा आक्षेपाला पुरतं. एका वर्गाच्या अर्जाचं मूळ शुल्क 350 डॉलर आहे. वाइन पिंपात असतानाच 'वापरण्याचा इरादा' म्हणून अर्ज करता येतो. ट्रेडमार्क कार्यालयाकडून परवानगीची सूचना आल्यावर वापराचा पुरावा द्यायला 6 महिने मिळतात आणि मुदतवाढ घेत घेत ते 36 महिन्यांपर्यंत ताणता येतात.

टीटीबीची लेबल-मंजुरी म्हणजे नावावरचा हक्क नव्हे. ही समजूत सर्वात महागात पडते: मंजुरी हातात, हजारो लेबलं छापून तयार आणि मग दुसऱ्या वायनरीच्या वकिलाचं पत्र. त्यामुळे क्रम असा: आधी शोध, मग ट्रेडमार्कचा अर्ज, मग लेबल-मंजुरी, छपाई सगळ्यात शेवटी. 750 मिलीच्या बाटलीवर सरकारी इशाऱ्याची अक्षरं किमान 2 मिलिमीटर उंचीची हवीत. चित्र पसरवण्याआधी ती जागा राखून ठेवा. पुढच्या हंगामात साल आणि अल्कोहोलचं प्रमाण बदलायला नवी मंजुरी लागत नाही, ब्रँडचं नाव बदलायला लागते.

आणि कुणाला इंग्रजी टाळून थेट 'केणी' हेच नाव ठेवावंसं वाटलं, तर ट्रेडमार्क आणि लेबल-मंजुरी या दोन्ही अर्जांत त्याचा इंग्रजी अर्थ द्यावा लागेल.