तिथी बघून कोकणात

कोकण आम्ही आधी दुसऱ्याच्या हातून बघणार होतो. सहलीची पत्रकं घरी आणली, त्यातलं एक वाचून मी हसले. गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण, तारकर्ली आणि वर गोवा. पहाटे पाचला चहा, साडेपाचला बस. माझे गुडघे आणि ह्यांची रक्तदाबाची गोळी, दोघांनाही हे झेपणारं नव्हतं. शिवाय आयुष्यभर शाळेच्या घंटेवर चालले. निवृत्तीनंतर परत कुणी शिट्टी वाजवून बसमध्ये बसवावं, हे मनाला पटेना. गाडी घरची, चालवणारे हे. मग आपणच आखू म्हटलं.

पहिला प्रश्न, कधी? लातूरकराला हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मार्गशीर्षात माझे गुरुवार असतात, आणि कोकणात जाऊन मासे न खाता परत यायची ह्यांची तयारी नव्हती. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येचा आमचा रानातला सण, चुकवायची तर बोलायलाच नको. रानात भज्जी-आंबिलीला सगळं गणगोत जमलेलं असताना आपण समुद्रावर, हे पुढं वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. इकडं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरी असणं भाग. राहिली मधली फट. त्या वर्षी येळवस नव्या वर्षाच्या तोंडावर आली होती, म्हणजे एकतीस डिसेंबरची गर्दीही ओसरलेली. पौष लागलेला, त्यामुळं लग्नपत्रिका नाहीत. लोक पौषाला नावं ठेवतात, पण फिरायला यासारखा महिना नाही. खोल्या मोकळ्या, भाव उतरलेले, ऊन सोसवतं.

दुसरा प्रश्न नकाशाचा. आपल्याकडं लातूर ते नांदेड म्हटलं की किलोमीटर सांगितले की वेळ कळते. कोकणात तसं नाही. नकाशावर दोन गावं एकमेकांना चिकटून दिसतात आणि मधे खाडी निघते. मग पुलापर्यंत वळसा घ्या, नाहीतर फेरीबोट धरा. मी टेबलावर वही घेऊन बसायची आणि हे पेपरमागून विचारायचे, "काय बघायलीस एवढं?" हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मांजरा धरण कोरडं पडलेलं पाहिलेला माणूस. पाण्याला वळसा घालून जावं लागतं, ही त्यांच्या दृष्टीनं चैनीची अडचण होती.

यादी लिहिण्यापेक्षा खोडण्यात जास्त वेळ गेला. हर्णै, दापोली पहिल्या झटक्यात गेलं, कारण ते वेगळं टोक आहे. विजयदुर्ग फार जड मनानं काढला. तोही केला असता तर मालवणात पोचायला रात्र झाली असती, आणि घाटवळणाच्या अनोळखी रस्त्यावर अंधारात गाडी चालवायची नाही, हे आमचं ठरलेलं.

खोल्यांसाठी मी फोनवर बोलूनच ठरवायचं म्हटलं. नुसते फोटो बघून आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत. समोरच्याला व्हिडिओ कॉलवर खोली, संडास आणि गाडी लावायची जागा दाखवायला सांगायची. दाखवायला कां-कूं केली की तो नंबर सोडायचा. गणपतीपुळ्याजवळच्या एका घरगुती निवासाच्या काकूंनी खोली तर दाखवलीच, वर मागची विहीरही दाखवली. त्यांना मी सहज विचारलं, "भरती कितीला असते हो तुमच्याकडं?" त्यांनी उलट विचारलं, "तुम्ही येणार त्या दिवशी तिथी कोणती?"

मला वाटलं, ह्या मुहूर्त बघतायत. पण त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण बेत आखायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही बेताचंच.

मी पाढे शिकवलेली बाई. पाऊणकीचा पाढा असा समुद्राला लावतात, हे मला साठीनंतर कळलं. फोन ठेवला आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर घेतलं. येळवस म्हणजे अमावास्या, तिथून प्रत्येक तिथीपुढं भरती-ओहोटी मांडली. ह्यांनी आधी मान हलवली. मग मोबाइलवर भरतीचं कोष्टक शोधून माझे आकडे ताडून पाहिले आणि काही न बोलता पेन्सिल हातात घेतली. त्यानंतर आखणी आमच्या दोघांची झाली. भरतीत बघायचं ते भरतीत, ओहोटीत बघायचं ते ओहोटीत, आणि त्याच्या मधे जेवण, झोप, प्रवास.

येळवशीचा शीण उतरल्यावर निघालो. सोबत कडक भाकरी, धपाटे, शेंगाची चटणी. औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. आमच्या लातुरावरून जाणाऱ्या या रस्त्याला सगळे रत्नागिरी-नागपूर म्हणतात, पण त्याच्या रत्नागिरीच्या टोकाला आम्ही कधी गेलो नव्हतो. मिरजेत हे गप्प झाले. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे इथूनच भरून निघाली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिण्या, पाच लाख लिटर. ती यायच्या दिवशी हे स्टेशनवर ड्युटीला होते.

कोल्हापूरला मुक्काम करून सकाळी आंबा घाट उतरलो. पोचायच्या घाईत घाट रात्री करणारे आमचे नातेवाईक आहेत. त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे. घाट संपला की मातीचा रंगच बदलतो. आमच्या काळ्या मातीला सरावलेल्या डोळ्यांना तो तांबडा जांभा आधी विटांच्या भट्टीसारखाच वाटला. घरंसुद्धा त्याच चिऱ्यांची.

गणपतीपुळ्यात चतुर्थी गाठायची, हा माझा हट्ट. पौषातली विनायकी असल्यानं रांग सोसण्यासारखी होती. देवळामागची अख्खी टेकडीच देवाचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा टेकडीला घालायची, साधारण किलोमीटरभर. फरसबंद वाट आहे, गुडघ्यांनी तक्रार केली नाही. सकाळी नऊची ओहोटी वहीत होतीच, त्यामुळं ओल्या वाळूवरून लांबवर चालता आलं. पाण्यात मात्र घोट्यापुढं गेलो नाही. काकूंनी बजावलं होतं, इथला समुद्र दिसतो तसा नाही, आत ओढतो. तिथं पाट्याही आहेत. तरी लोक छातीभर पाण्यात उभे होते, आणि त्यातले निम्मे आपल्याकडचेच, बोलण्यावरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी जयगडहून तवसाळला फेरीबोट. गाडी सरळ बोटीत चढवायची, हँडब्रेक लावायचा आणि खाली उतरून शास्त्री नदीची खाडी बघायची. मला भीती वाटत होती, पण चढवणारी पोरं हातानं खुणा करत अशी गाडी आत घेतात की आपल्या घरच्या फाटकातून घेणं अवघड वाटावं. पंधरा मिनिटांत पलीकडं. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवाव्यात. एक चुकली की हेदवीची भरती चुकते.

हेदवीला दशभुज गणेशाचं देऊळ टेकडीवर आहे, पण आम्ही वेळ जुळवली होती ती खाली किनाऱ्यावरच्या बामणघळीसाठी. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळाला एक अरुंद भेग आहे. भरतीची लाट त्या भेगेत शिरते, कोंडते आणि फवारा होऊन वर उसळते. पंचमी, म्हणजे पाच पाऊणे पावणेचार. सव्वातीनला जाऊन बसलो. पावणेचारच्या सुमारास पाणी उसळू लागलं, आवाज आधी आणि पाणी मागून. पण उधाण सरलं होतं, त्यामुळं फवारा उंचीनं बेताचाच. शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, "अवसेला यायला हवं होतंत." अवसेला आम्ही रानात आंबील पीत होतो. त्यांना येळवस समजावून सांगेपर्यंत भरती उतरायला लागली.

वेळणेश्वरी राहिलो आणि त्याच बोटीनं परत फिरलो. रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये देशाबाहेर काढून इकडं आणलं आणि तो 1916 मध्ये इथंच वारला. वाडा देखणा आहे, पण मला तिथं फार वेळ थांबवेना.

रत्नागिरीहून मालवण सागरी महामार्गानं करायचं ठरवलं, ते फार बरं झालं. पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, आचरा. चढ, उतार, पूल, परत चढ. वर चढलं की सडा लागतो, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. हिरवं कोकण बघायला आलेले आमचे हे त्या वाळल्या गवताच्या सड्यावर उतरले आणि म्हणाले, "हे तर आपलं माळरान की!" कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या अंगात दुसरे कितीतरी प्राणी कोरलेत. अशा कातळचित्रांची कोकणातली ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत 2022 मध्ये गेली. जमिनीवर उभं राहून पूर्ण आकृती डोळ्यांत मावत नाही. चालत चालत एकेक रेघ जुळवावी लागते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात जावं, तेव्हा रेघांत सावली पडते. भर दुपारी नुसता खडक दिसेल. कुठल्याही पत्रकात हे ठिकाण नव्हतं, आणि ह्यांना विचाराल तर सगळ्या प्रवासात हेच पहिलं.

मालवणात अष्टमी. आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. देवबागेत कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं वाळूचं एक बेट ओहोटीत उघडं पडतं. तिथं जायचं तर दुपार धरायची. म्हणून सकाळ सिंधुदुर्ग किल्ल्याला दिली. धक्क्यावरून होडी निघते. किल्ल्यात साधारण तासभर देतात आणि तेवढ्यात फिरून यायचं असतं. तास कमी पडतो. आमच्या होडीवाल्या मामांना विनवून आम्ही मागच्या होडीनं परतायची परवानगी घेतली. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, हे जून-जुलैच्या सुट्ट्या धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सिंधुदुर्गाचं बांधकाम शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर सुरू केलं. पायाच्या दगडांत शिसं ओतल्याचं सांगतात. शिवराजेश्वराच्या मंदिराशी सगळे थांबतात, आम्हीही थांबलो. पण हे अडकले ते पुढं, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींशी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी. ह्यांनी कठड्यावरून वाकून पाणी पाहिलं, पातळी किती खाली आहे याचा अंदाज बांधला, तिथल्या एका घरवाल्याला उन्हाळ्यात किती उतरतं ते विचारलं. त्या गृहस्थांना वाटलं, सरकारी तपासणी आली.

कोकणात पाण्याला तोटा नाही, हा आपला समज. अंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडं आठशे झाला तरी बरं वर्ष. पण जांभा सच्छिद्र; पडलेलं पाणी झिरपून समुद्राला जातं. मालवणात आमच्या घरमालकीण ताई सांगत होत्या, मे महिन्यात विहीर तळाला जाते आणि टँकर मागवावा लागतो. टँकर हा शब्द ऐकल्यावर आमचं आणि त्यांचं असं काही जुळलं, की रात्री ताटात सुरमईचा एक तुकडा जास्त पडला. मी मासे खात नाही. मला घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी. भाकरी मागितली तर तांदळाची आली. ज्वारीची आठवण तिसऱ्या घासाला आली.

परतताना फोंडा घाट धरला. राधानगरीला शाहू महाराजांच्या धरणाचे आपोआप उघडणारे दरवाजे ह्यांना बघायचे होते. जानेवारीत ते बंदच असणार, हे खात्यातल्या माणसाला मी सांगायला नको होतं. तरी गाडी थांबली.

भोगीच्या आधी घरी पोचलो. वाण म्हणून मी यंदा प्लॅस्टिकचे डबे न देता मालवणातून आणलेल्या आमसुलांच्या पुड्या दिल्या. आमच्या गल्लीत आमटीला चिंच. आमसूल फक्त पित्त उठल्यावर आठवतं. त्यामुळं हळदीकुंकवाला आलेल्या निम्म्या बायकांनी पुडी उलटीसुलटी करून पाहिली, आणि शेजारच्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी कुंपणावरून विचारलं, "बाई, हे धुऊन घालायचं का तसंच?"