हेज घेण्याआधीचा हिशेब

हेज ऑर्डर म्हणजे हातातल्या सौद्याच्या विरुद्ध दिशेने, त्याच किंवा त्याच्याशी निगडित साधनात घेतलेली पोझिशन. तिचा हेतू नफा वाढवणे हा नसून तोट्याला मर्यादा घालणे हा असतो. समजा, 100 ला घेतलेल्या शेअरवर 95 स्ट्राइकचा पुट ऑप्शन, म्हणजे तो शेअर 95 ला विकण्याचा मुदतबंद हक्क, 2 प्रीमियम (त्या हक्काची किंमत) देऊन घेतला, तर मुदत संपताना भाव 70 वर असला तरी एकूण तोटा 7 च्या पलीकडे जात नाही. मात्र नफ्यात येण्यासाठी भाव 102 च्या वर जावा लागतो. स्टॉप लॉसपेक्षा (भाव ठरावीक पातळीला आला की आपोआप विकण्याची ऑर्डर) मला हे संरक्षण अधिक भरवशाचे वाटते, कारण एखाद्या बातमीने बाजार थेट 88 ला उघडला, तर 95 चा स्टॉप लॉसही 88 च्या आसपासच पूर्ण होतो, पुटचा हक्क मात्र 95 चाच राहतो.

फ्युचर्स (आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला व्यवहार करण्याचे करार) विकून केलेल्या हेजला प्रीमियम लागत नाही, पण मार्जिन, म्हणजे तारण म्हणून ठेवलेली रक्कम, अडकते आणि वरचा नफाही हातचा जातो. शिवाय निर्देशांकाचे फ्युचर्स विकताना आपल्या शेअरचा बीटा, म्हणजे निर्देशांकाच्या तुलनेत तो किती हलतो, हे पाहून संख्या ठरवावी लागते, आणि हा बीटा कायम राहील याची खात्री नसते.

परकीय चलनाच्या व्यवहारात तोट्यातला सौदा बंद करणे जिवावर येते म्हणून त्याच चलनजोडीत तेवढाच उलटा सौदा टाकणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्याला हेज म्हणायला मी तयार नाही: तोटा आहे तिथेच गोठतो, स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक) पुन्हा मोजावा लागतो आणि दोन्ही बाजूंच्या स्वॉपमधला, म्हणजे सौदा रात्रभर ठेवल्याबद्दल मिळणाऱ्या किंवा द्याव्या लागणाऱ्या व्याजातला, फरक बहुधा रोज खात्यातून वजा होत राहतो.