कझिन बेटावर उतरायचं तर होडी बदलावी लागते

सेशेल्स या हिंदी महासागरातल्या बेटांच्या देशात, प्रालँ बेटाहून निघालेली आमची होडी किनारा हाकेच्या अंतरावर आला आणि थांबली. पाणी नितळ, वाळू समोर दिसतेय, पण पुढे जायचं नाही. मग बेटावरून एक छोटी मोटरबोट आली, आम्ही एकेक करून तिच्यात उतरलो. "घट्ट धरून बसा," असं सांगून नावाड्याने वेग घेतला आणि लाटेबरोबर बोट थेट वाळूवर चढवली. कझिनवर बाहेरची कुठलीच होडी लागत नाही. कारण एकच: उंदीर. सेशेल्समधल्या या जेमतेम 30 हेक्टरांच्या बेटावर आजवर उंदीर पोचलेला नाही, मांजरही नाही. दोरखंडाच्या वेटोळ्यात लपून एखादी गाभण उंदरीण आली, तरी इथल्या पाखरांची पिढी संपेल.

याची किंमत मला जंगलात शिरल्यावर कळली. पायवाटेच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी, लांब पांढऱ्या शेपटीचा ट्रॉपिकबर्ड हा समुद्रपक्षी अंड्यावर बसला होता. माझ्या चपलेपासून दोन हातांवर, उघड्या जमिनीवर. तो हललाही नाही. थोडं पुढे आमच्या वाटाड्याने बोटाने एक आडवी फांदी दाखवली. तिच्या खोबणीत पांढऱ्या सुरयाचं एकुलतं अंडं होतं. घरटं नाही, काडी नाही, नुसती फांदी. शत्रूच न पाहिलेल्या पाखरांचा हा विश्वास आहे. मी कॅमेरा खाली घेतला आणि बराच वेळ तशीच उभी राहिले.

हे बेट असं राहिलेलं नाही, असं केलेलं आहे. इथे खोबऱ्यासाठी लावलेल्या माडांची वाडी होती. आम्ही कोकणातली माणसं. माडांची रांग दिसली की आम्हाला ते बेट भरलेलं, लक्ष्मी नांदणारं वाटतं. पण सेशेल्स वॉर्बलर या पानाखालचे किडे टिपणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याला माडाचा काय उपयोग? 1960च्या दशकात हा पक्षी जगात फक्त या एका बेटावर उरला होता, तोही 30 पेक्षा कमी. 1968 साली पक्षीरक्षणाचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने (आजची बर्डलाइफ इंटरनॅशनल) बेटच विकत घेतलं. माड हटवत नेले, आणि इथलं मूळचं रान, ज्याला इथले क्रिओल लोक 'ब्वा मापू' म्हणतात ती पिसोनियाची झाडं, पुन्हा वाढू दिलं. पाखरू त्याच्या मागोमाग वाढलं. मग 1988 मध्ये 29 पक्षी आरीद बेटावर नेले, 1990 मध्ये आणखी 29 शेजारच्या कझीनवर (नावं सारखी, बेटं वेगळी), 2004 मध्ये डेनिसवर आणि 2011 मध्ये फ्रिगेटवर. एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवायची नाहीत, हे इतकं सरळ आहे. आज ते हजारोंनी आहेत.

पण माझं मन गेलं ते दुसऱ्याच पाखरावर. वाटाडा वाळकी पानं पायाने चाळवत चालला होता, आणि मागून टुणटुणत एक काळाभोर पक्षी आला. पंखावर पांढरा पट्टा. मी एकदम म्हटलं, "अरे, हा तर दयाळ!" खरोखरच आपल्या दयाळाचा तो भाऊबंद, सेशेल्सचा. घराच्या मागच्या शेवग्यावर पहाटे शीळ घालणारा दयाळ आम्हाला इतका नेहमीचा की कधी मोजावासा वाटला नाही. इथे मात्र जवळपास प्रत्येक दयाळाच्या पायात ओळखीसाठी रंगीत कडी आहेत. जमिनीवर चरायची सवय आणि माणसांनी आणलेली मांजरं, यामुळे एके काळी तो फक्त फ्रिगेटवर मोजण्याइतका उरला होता. कझिनवर तो 1990च्या दशकात आणला गेला. बुटाजवळचा किडा उचलून तो माझ्याकडे मान वाकडी करून बघत राहिला.

आदल्या दिवशी प्रालँवरच्या व्हॅले द मे मध्ये गेले होते. 19.5 हेक्टरांचं हे ताडवन 1983 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथला कोको द मेर म्हणजे आपला दर्याई नारळ. आमच्या वाडीत येणाऱ्या बैराग्याच्या हातातलं काळं कमंडलू याच फळाचं असायचं. ताजं फळ पाण्यात बुडतं. तरंगत दूरच्या किनाऱ्यांना लागतात ती आतून कुजून पोकळ झालेली. म्हणजे समुद्राने ती कितीही दूर नेली तरी तिथे रुजणं नाही. फळ पिकायलाच सहा-सात वर्षं लागतात, म्हणून आज परवान्याशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाही.

कझिनवरून निघताना मात्र उशीर झाला. हॉक्सबिल कासवीण वर आली होती. आपल्या वेळासची कासवं रात्री येतात, ही इथे भरदिवसा येते. कवचासाठी यांची बेसुमार कत्तल होत असे. सेशेल्सने 1994 मध्ये हा व्यापार बंद केला. रक्षकांनी आम्हाला तिच्या मागे, झुडपांत बसवलं. ती मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणत होती, वाळू आमच्या गुडघ्यांवर उडत होती. अंडी घालायला लागल्यावर एकाने हलक्या हाताने तिचं कवच मोजलं, वहीत आकडा लिहिला. मोठ्या होडीतून दोनदा भोंगा वाजला. रक्षकाने तिकडे हात करून थांबायची खूण केली, आणि ती खड्डा बुजवून, थांबत थांबत पाण्यात शिरेपर्यंत आमच्यातलं कुणीही उठलं नाही.